उलटलेली दिवसरात्र

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला गेलो ते मदत करायला; पहिले आठ दिवस मात्र त्या घरात आमचीच सरबराई झाली. दुपारी एक वाजला की पापण्या जड होत, कारण शरीराच्या लेखी तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असत. पहाटे तीनला आम्ही टक्क जागे, आणि वर कडकडून भूक! साहित्यातील काळाची संकल्पना वर्षानुवर्षे शिकवलेल्या दोन मास्तरांची ही अवस्था.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ आजीच्या मांडीवर होते आणि आजीचाच डोळा लागला. लेकीने येऊन बाळ अलगद उचलून घेतले. ती काही बोलली नाही. पुढे आठवडाभर दुपारचे बाळ आमच्याकडे आले नाही, हेही कुणी बोलून दाखवले नाही.

जेट लॅगला आपण सहज प्रवासाचा शीण म्हणतो. पण शीण एका झोपेने उतरतो. हा उतरत नाही, कारण मेंदूतले घड्याळ अजून मागच्या गावीच असते. डोळ्यांत शिरणारा उजेड त्या घड्याळाला वेळ सांगतो, आणि ते एका दिवसात फार तर तासा-दीड तासाने सरकते. पेशींमधली ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यांनी ती शोधली फळमाशीत, हे आम्हांला विशेष वाटते.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मग याच न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंकडे राहिल्या. त्यांच्या हालअपेष्टांना तोड नाही. पण दोन महिन्यांत त्यांचा दिवस रोज सरासरी अकराएक मिनिटांनीच लांबला असेल. तेवढे शरीराला कळतही नाही. आम्ही तेवढेच अंतर एका दिवसात कापले आणि शरीराला मागे टाकून आलो.

"आई-बाबा, दुपारी झोपायचं नाही, उन्हात चालायचं," असा लेकीचा हुकूम होता. तो आम्हांला छळ वाटला, पण शास्त्र तिच्या बाजूने होते. पश्चिमेकडे गेल्यावर घड्याळ मागे न्यायचे असते, आणि आमच्यापुरते ते काम सुरुवातीला दुपारचे ऊन करीत होते. अगदीच अनावर झाले तर वीस मिनिटांची डुलकी, तीही गजर लावून. शेजाऱ्यांनी मेलाटोनिनच्या गोळ्या सुचवल्या. पण आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला गेलो नाही.

आणि तरीही त्या रात्रींनीच आमची लाज राखली. तान्ह्या बाळाला पहिले दोन-तीन महिने दिवसरात्रीचे भान नसते. घरातल्या जुन्या बायका अशा बाळाची 'दिवसरात्र उलटली' म्हणत. पहाटे तीनला त्या घरात तीन जीव जागे असत आणि तिघांनाही स्थानिक वेळ ठाऊक नसे. बाळाला पाजून लेक झोपायला जाई, मग उजाडेपर्यंत बाळ आमचे. दिवे मंद, बोलणे हळू, कारण रात्र ही रात्रच आहे हे त्याला, आणि आम्हांलाही, शिकायचे होते. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात जवळपास नसते, हे आम्ही तिथेच वाचले. रात्र झाल्याची वार्ता बाळाला अशीही पोचत असते.

नोव्हेंबरात परतलो. पूर्वेकडचा प्रवास अधिक छळतो, कारण आपले आतले घड्याळ मुळातच चोवीस तासांहून किंचित लांब असते. दिवस लांबवणे त्याला जमते, आखडणे जड जाते. त्यात आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी सवयीने टेकडीवर गेलो, आणि नेमके चुकलो. न्यू जर्सीच्या शरीराला तेव्हा रात्र होती. तो कोवळा उजेड घड्याळ पुढे नेण्याऐवजी मागे ओढतो. पहिले काही दिवस सकाळी पडदे ओढून दुपार टळल्यावर बाहेर पडायला हवे होते.

पहाटे तीनला फोन लावला. तिथे दुपारचे साडेचार. लेक म्हणाली, "आता रात्री सलग झोपतंय हं ते." पडद्यावर बाळ आमच्याकडे बघत होते आणि आम्ही, दिवा मोठा न करता, त्याच्याशी हळूच बोलत होतो.