जवारीचा लूप

सुपर निन्टेन्डो या १९९० सालच्या खेळयंत्रासाठी आजही नवे संगीत रचले जाते आणि ‘सुपर मारिओ वर्ल्ड’सारख्या खेळात मूळ चालींच्या जागी बसवले जाते. या कामात चाल सुचण्यापेक्षा कितीतरी अवघड असतो तो सॅम्पलचा, म्हणजे वाद्याच्या ध्वनिमुद्रित तुकड्याचा, सांधा. केन कुतारागी यांनी सोनीत आखलेल्या ध्वनिचिपला आठ चॅनल आणि अवघी ६४ किलोबाइट मेमरी आहे. वाजवणारा प्रोग्रॅम, चाल, सॅम्पल आणि प्रतिध्वनी या सर्वांना तेवढ्यातच राहावे लागते, आणि प्रतिध्वनीच्या दर १६ मिलिसेकंदांपोटी त्यातले २ किलोबाइट खर्ची पडतात. त्यामुळे लहानसा तुकडा घेऊन त्याचा शेवटचा भाग फिरवत ठेवणे, म्हणजेच लूप करणे, याला पर्याय नसतो.

चिपच्या बीआरआर या संक्षेपपद्धतीत १६ ध्वनिबिंदू ९ बाइटांच्या एका ठोकळ्यात साठवले जातात आणि लूप ठोकळ्याच्या सीमेवरच सुरू होऊ शकतो, म्हणून फिरणाऱ्या भागाची लांबी सोळाच्या पटीत येईपर्यंत सॅम्पल ताणावे किंवा आकसावे लागते. हे हिशेबाने साधते. खरा हट्टी पेच पुढचा आहे: ठोकळ्यातील बिंदू बहुधा आधीच्या दोन बिंदूंवरून अंदाज बांधून साठवलेले असतात, पण लूपच्या आरंभाकडे परतताना मागे असतात ते शेपटीचे बिंदू, पहिल्या फेरीचे नव्हेत, त्यामुळे अंदाज चुकतो आणि टक् असा आवाज उमटतो. पहिला ठोकळा अंदाजाविना साठवला तर टक् जाते, परंतु बिंदूमागे असलेल्या ४ बिटांत सूर पुरता मावत नाही आणि खरखर शिरते.

बासरीचा स्थिर सूर या तडजोडीत निभावतो, तंबोरा निभावत नाही. कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागामुळे, छेडलेल्या तारेतून उपस्वर एकामागून एक उमलत जातात, आणि त्यातला एकच क्षण फिरवत ठेवला की उरते ती निर्जीव गुणगुण. उजळ आणि मंद अशी दोन सॅम्पल दोन चॅनलवर ठेवून एकातून दुसऱ्यात हळूहळू उतरणे, हा प्रस्तुत लेखकाने वर्षानुवर्षे घोटलेला उपाय आहे. तो आठांतले दोन चॅनल खातो, आणि उडीचा किंवा नाण्याचा आवाज त्यांपैकी एखादा ऐन वेळी हिसकावून घेऊ शकतो.

अलीकडे या घोटण्यात एक फरक पडला आहे. ही चिप बिंदूंमधले अंतर भरताना तार पट्ट्या बोथट करते, म्हणून संक्षेपापूर्वीच त्या उचलून घ्याव्या लागतात. त्या किती उचलायच्या हे ठरवणारा कान वयाबरोबर नेमक्या त्याच पट्ट्यांना पारखा होतो, आणि आता आलेख व तरुण श्रोता यांच्या साक्षीवाचून निर्णय होत नाही. हे परावलंबन बोचते, कारण सांधा कोणालाही ऐकू येऊ नये या इच्छेइतकीच, तो किती निगुतीने बुजवला हे कुणीतरी ओळखावे ही हावही लेखकाच्या ठायी प्रबळ आहे.

एमएसयू-१ या नव्या जोडणीमुळे ४४.१ किलोहर्ट्झचे आयते ध्वनिमुद्रण खेळात वाजवता येते आणि अनेक जण तिकडे वळले आहेत. त्यातून श्रवणसुख मिळते हे मान्य करूनही ते काम वेगळ्या जातीचे आहे असेच म्हणावे लागते, कारण तिथे वाद्य घडवावे लागत नाही. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे केवळ एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातील नकली यंत्रावर, ऐकून चाल वाटून टाकण्याची सवय. काही जुने एम्युलेटर प्रतिध्वनी मेमरीत लिहीतच नसत. त्यांच्यावर सुरळीत वाजणाऱ्या कित्येक चालींचा प्रतिध्वनी खऱ्या यंत्रावर सॅम्पलवरच चढतो आणि संगीत कोलमडते.

खेळाची मूळ प्रत वाटता येत नाही, म्हणून केवळ बदल नोंदवणारी पॅच-फाइल दिली जाते आणि खेळणारा ती आपल्या प्रतीला लावतो. मात्र पॅचमधून चाल उलगडून शिकणे नवख्याला जवळपास अशक्य असते. तेव्हा वाटणाऱ्याने अक्षरांत लिहिलेली चालीची मजकूर-फाइल आणि लूप केलेली सॅम्पल पॅचसोबत द्यावीत, आणि त्याआधी सारे एकदा खऱ्या यंत्रावर वाजवून पाहावे.