तारेचं टोक

३ डिसेंबर, नगर
अण्णांना काल पेसमेकर बसला. डाव्या हासळीखाली टायटॅनियमची डबी. येणारा-जाणारा तिचीच चौकशी करतो. मला मात्र तिच्यापासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेच्या टोकाचं नवल वाटलं. हृदयाला टेकतं तिथे सूज उतरवणारं स्टेरॉईड भरलेलं असतं, डेक्सामेथासोन, एक मिलिग्रॅमहूनही कमी. ते हळूहळू झिरपतं.

४ डिसेंबर
"मला कुठं सूज आलीय? मंग औषध कशापायी?" अण्णा सकाळपासून हेच विचारतात. शेवटी बाभळीचा काटा कामाला आला. आत मोडलेल्या काट्याभोवती शरीर गाठ धरतं, तसंच तारेचं. आधी रक्तातली प्रथिनं चिकटतात, मग भक्षक पेशी जमतात. तार गिळता येत नाही म्हणून त्या एकमेकींत मिसळून भल्यामोठ्या होतात, आणि शेवटी तंतूंचं आवरण चढतं. त्या आवरणाला विजेचा इशारा कळत नाही. ते जाड झालं की स्नायू टोकापासून लांब पडतो, व्होल्टेज वाढवावं लागतं, बॅटरी लवकर उतरते. पूर्वीच्या तारांना पहिल्या काही आठवड्यांत हाच त्रास व्हायचा. १९८०च्या दशकात हे औषधी टोक आलं.
"म्हंजी गाठ धरूच देत नाही?"
धरते, पण पातळ. तेवढी हवीच, नाहीतर तार जागची हलेल.

९ डिसेंबर, पाथर्डी
डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. अण्णांचं म्हणणं, धार काढताना हात वर जातोच कुठे? मुद्दा बिनतोड आहे. आईने चरवी लपवली.
रात्री अमेरिकेतल्या २०१५च्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. प्राण्यांच्या शरीरात वेगवेगळ्या मापांचे गोळे ठेवले, तर दीड मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या गोळ्यांभोवती आवरण कमी धरलं. मला उलटंच वाटलं असतं. औषध कधीतरी सरणारच, म्हणून नुसत्या आकाराने काम भागवायची ही वाट मला जास्त पटते.

१६ जानेवारी, नगर
तपासणी. छातीवर यंत्र ठेवून डॉक्टरांनी व्होल्टेज पायरी-पायरीने उतरवलं. पाऊण व्होल्टपर्यंत हृदयाने साथ दिली, अर्ध्यावर ठोका सुटला. लगेच पूर्ववत केलं.
"छान आहे बाबा. बॅटरी बरीच वर्षं जाईल."
"मंग घासाचा भारा उचलू का?"
"डोक्यावर नाही. पोराला उचलू द्या."
अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा सल्ला मीच पढवून ठेवला होता.