पातेल्यावरचे खोली नंबर

लालबाग, मुंबई
रविवार

चि. मनू,


शेजारणीची व्हॅन चोरीला गेल्याचं सांगता सांगता तू मध्येच विचारलंस, "आत्या, माळ्यावरच्या त्या मोठ्या पातेल्यावर नुसते खोली नंबर का गं कोरलेत?" मी "सांगेन कधीतरी" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्री डोळ्याला डोळा लागेना. तुला कल्पना नसेल, पण तुझ्या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक खानावळवाल्या मावशी होत्या. नवऱ्यानं टाकलेल्या, पदरात एक मुलगी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. पाळीवरच्या माणसांचे डबे मावशी हातगाडीवरून गिरणीच्या फाटकापर्यंत न्यायच्या. एका रात्री ती गाडीच गेली, स्टोव्ह, पातेली, डबे, सगळ्यासकट. साल काही आठवत नाही. 1982चा गिरणी संप व्हायचा होता एवढं नक्की, कारण गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते.

मावशी रडल्या नाहीत. सकाळी नळावर आल्या त्या घरात राहिलेला एक पितळी झारा घेऊन. तो चिंचेनं घासला, धुतला, पुन्हा चिंच लावली, पुन्हा घासला. झारा सोन्यासारखा झाला तरी हात थांबेना. मागे बादल्यांची रांग, पाणी जायची वेळ झालेली, पण एकीनंही "सरका" म्हटलं नाही. नळावर गप्प उभ्या असलेल्या बायका मी आयुष्यात तेवढ्याच पाहिल्या.

तुझ्या आजीनं वर्गणी काढू दिली नाही. म्हणाली, "आज दोन रुपये द्याल आणि जन्मभर तिला ऐकवाल." तिनं जेवणाऱ्यांनाच गाठलं आणि पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ द्यायला लावले. बायकांनी एकेक भांडं दिलं ते परत करायच्या बोलीवर. मोठं पातेलं तेवढं सगळ्यांनी मिळून विकत घेतलं आणि त्यावर प्रत्येक खोलीचा नंबर घालून घेतला. तुला वाटलं असेल, देणाऱ्यांची नावं मिरवायची हौस. छे गं! अडल्या वेळी मावशी पहिलं भांडंच गहाण टाकणार हे आजीला ठाऊक होतं. इतक्या खोल्यांचे नंबर असलेलं पातेलं कोणता सावकार ठेवून घेईल?

मावशींसारख्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते 1975 मध्ये. गोवामुक्तीच्या लढ्यातली बाई. खानावळवाल्यांचे गट करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या. मावशीही पुढे मंडळात गेल्या. आधी पातेलं की आधी मंडळ, यावर तुझ्या बाबांचं आणि माझं अजून जमत नाही. संपात जेवणारेच गावाला गेले, खानावळ बसली. मावशी लेकीकडे राहायला निघाल्या तेव्हा पातेलं आजीच्या ओट्यावर ठेवून गेल्या. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. तू डिसेंबरात पंधरा दिवस येतेस आणि त्यातले दहा मॉलमध्ये घालवतेस, तर दाखवायचं कधी आणि काय?

आता तुझ्या शेजारणीचं. मी विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर नोकरी काढली आहे, तेव्हा ऐक. रिकामी माल वाहायची व्हॅन घेऊन तिनं आत बिछाना, शेगडी, जादा बॅटरी, लाकूडकाम सगळं स्वतः केलं म्हणतेस. हे बदल तिनं कंपनीला कळवले होते का, ते आधी विचार. नसतील कळवले, तर कंपनी नुसत्या व्हॅनची किंमत दाखवून मोकळी होईल, नाहीतर क्लेमही नाकारू शकते. कामाचे फोटो, लाकडाच्या-बॅटरीच्या पावत्या, नसतील तर बँकेच्या नोंदी, सगळं एकत्र करा. पोलिसांचा क्राइम रेफरन्स नंबर प्रत्येक पत्रावर घाला. फोनवर कबूल केलेलं लगेच ईमेलवर मागून घ्या. कंपनीनं पैसे दिले की डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, कळवायचं. मग उरलेल्या पूर्ण महिन्यांचा गाडीचा करही आपोआप परत मिळतो. अशा वेळी माणसाचं डोकं चालत नाही, म्हणून कागद भरताना तू शेजारी बस. आणि "कुलूप नीट लावलं होतंस ना?" हे कुणाला विचारू देऊ नकोस.

तुम्ही ऑनलाइन पैसे जमवताय, जमवा. पण जिनं अख्खी व्हॅन सजवली तिच्या हातात सुतारकाम आहे. तुमच्या ब्रिस्टलमध्ये कुणाला कपाट, फळ्या करून हव्या असतील, तर आगाऊ पैसे देऊन तिला काम सांगा. तिच्या मुलीला शाळेत सोडायच्या पाळ्या लावून घ्या. व्हॅनमध्ये पोरीचे थंडीचे कपडे होते का, तेही बघ.

माझ्याकडचे थोडे पैसे तुझ्या बाबांजवळ दिलेत, बाबा तिकडे येतील तेव्हा घे. "आत्याचे" म्हणून सांगत बसू नकोस. उत्तर देवनागरीत लिही, इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचून माझे डोळे दुखतात. डाळिंब्यांची उसळ एकदा तरी करून बघ, डबाबंद चण्यांवर किती दिवस काढशील?

आणि व्हॅनच्या दोन्ही किल्ल्या तिला आजच एका पाकिटात घालून ठेवायला सांग. एक जरी कमी भरली तरी क्लेम अडू शकतो.

तुझी,
आत्या