अब्बांचे घड्याळ

अब्बांच्या मनगटावर मी लहानपणापासून एकच घड्याळ पाहिले. एचएमटी जनता, चावीचे, 17 ज्वेल्सचे. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक घरांत पहिले घड्याळ एचएमटीचेच आले. अब्बा फजरच्या नमाजनंतर त्याला चावी देत. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी सगळ्या घराच्या नजरा त्याच्याच काट्यांवर असत.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीने ते माझ्या हातात ठेवले. मशीन चालू होते, पण केस कामातून गेली होती. वरचे क्रोम घामाने उडालेले, आतले पितळ खाल्लेले, मागचे झाकण बसत नव्हते. घड्याळजी म्हणाले, "दुसऱ्या घड्याळाची केस बसवून देतो." मन होईना. माझ्याकडे साडेचार फुटी लेथ होता. तोही अब्बांचाच.

याच लेथवरून आमचा वाद झाला होता. दहावीनंतर मला कॉलेजला जायचे होते, अब्बांनी मला कामावर उभे केले. रागाच्या भरात मी म्हणालो, "तुम्हाला मुलगा नको होता, बिनपगारी कामगार हवा होता." अब्बा काही बोलले नाहीत. चकची चावी काढून जागेवर ठेवली आणि असरच्या नमाजला निघून गेले. मी माफी कधीच मागितली नाही.

एका रविवारी 40 मिलिमीटरचा पितळी गज चकात धरला. घाईत आधी कडे कापून घेतले आणि मग आतून बोअरिंग करायला पुन्हा आवळले. तीन जबड्यांचा चक पातळ कड्याला तीन बाजूंनी दाबतो. दाबलेले असताना भोक गोल दिसते. चक सैल केला की तिकोनी होते. घड्याळाचे मशीन आत जाईना. म्हणून आणखी कापले, तर भोक दोन दशांश मोठे झाले आणि मशीन आत खुळखुळू लागले.

तेव्हा अब्बांचे शब्द आठवले. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ते सांगत, "आधी मोज, बेटा. काढलेलं पितळ परत लागत नाही." ते कडे हातात धरून मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. मला पितळ आठवत नव्हते, माझेच वाक्य आठवत होते.

दुसऱ्यांदा गज लांबच ठेवला. आधी फेसिंग, मग डायल आणि मशीन बसायच्या पायऱ्या, सगळ्यात शेवटी पार्टिंग. शेवटचे कट पाच शतांशाचे. प्रत्येक कटानंतर पितळ निवू दिले, मगच मोजले. पट्ट्याचे कान वेगळे कापून चांदीचा डाग देऊन जोडले. चावीच्या दांडीचे भोक दांडीच्या नेमक्या उंचीवर पाडले, नाहीतर ती घासते. 400, 800 आणि 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. चार रविवार गेले.

मशिदीत एकाने विचारले, "सोन्याचं घातलंस की काय?" म्हटले, "नाही भाई, पितळ आहे. घामाने काळं पडतं, रोज पुसावं लागतं."

परवा माझा मुलगा म्हणाला, "अब्बा, मला लेथवर नाही यायचं." उत्तर जिभेवर आले होते. घड्याळाला चावी देत थोडा थांबलो आणि म्हणालो, "बस. काय शिकायचंय, सांग."