उरलेली राख

३१ जुलै १९९९ रोजी 'नासा'ने आपलंच एक यान मुद्दाम चंद्रावर आपटलं. ल्युनार प्रॉस्पेक्टर त्याचं नाव. दीड वर्ष चंद्राभोवती फिरून त्याचं काम झालं होतं, इंधन संपत आलं होतं; जाता जाता एक शेवटचा प्रयोग उरकून घ्यावा, असा हिशेब. दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवराच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथे बर्फ असेल तर यान आदळल्यावर वाफ उसळेल आणि पृथ्वीवरच्या दुर्बिणींना ती दिसेल, अशी आशा होती. वाफ काही दिसली नाही. पण त्या यानात दोन इंचांहूनही लहान अशी पॉलिकार्बोनेटची एक कुपी होती आणि तिच्यात युजीन शूमेकर या भूशास्त्रज्ञाची सुमारे अठ्ठावीस ग्रॅम राख.

शूमेकरला चंद्रावर जायचं होतं. अपोलोच्या अंतराळवीरांना दगड कसे बघायचे, कसे उचलायचे, हे शिकवणाऱ्यांत तो होता. स्वतःला मात्र ॲडिसनचा आजार निघाला आणि अंतराळवीर होण्याचा रस्ता बंद झाला. मग त्याने जन्मभर विवरं धुंडाळली. ॲरिझोनातलं ते प्रसिद्ध विवर उल्कापातानेच झालं आहे, हे त्याने सिद्ध केलं. १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या धूमकेतूच्या नावात त्याचं आणि त्याच्या बायकोचं, कॅरोलिनचं, आडनाव आहे. १९९७ च्या जुलैत विवरंच पाहत ऑस्ट्रेलियातल्या एका आडरस्त्यावरून दोघं चालले असताना समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली; तो गेला, ती वाचली. त्याची एके काळची विद्यार्थिनी कॅरोलिन पोर्को हिच्या मनात आलं की सरांना आता तरी चंद्रावर पोचवू. तिने खटपट केली आणि सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९९८ मध्ये, राख निघालीसुद्धा. कुपीभोवती पितळेचा पातळ पत्रा गुंडाळला होता. त्यावर एक धूमकेतू, ॲरिझोनातलं ते विवर आणि शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या ओळी कोरल्या होत्या. यान जिथे पडलं त्या विवराला पुढे त्याचंच नाव दिलं गेलं.

हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करतो. सरकारी कारभारात इतकी माया सहसा सापडत नाही.

पण राख निघाली त्याच वेळी अमेरिकेतल्या नावाहो लोकांचे अध्यक्ष अल्बर्ट हेल यांनी जाहीर हरकत घेतली. चंद्र आम्हाला पवित्र आहे, तिथे कुणाची राख नेऊन ठेवणं हा आमच्या श्रद्धेचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. 'नासा'ने माफी मागितली, पुढच्या वेळी विचारू असं सांगितलं. २०२४ च्या जानेवारीत पेरेग्रिन नावाचं खाजगी यान अशाच कुप्या घेऊन चंद्राकडे निघणार होतं, तेव्हा नावाहोंचे नवे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी त्या शब्दाची आठवण करून दिली. 'नासा'कडून उत्तर मिळालं की यान खाजगी आहे, त्यात कोण काय ठेवतं यावर आमचा ताबा नाही. यान ८ जानेवारीला उडालं. उड्डाणानंतर काही तासांतच इंधन गळू लागलं, चंद्र राहिला बाजूला, आणि १८ जानेवारीला ते दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात शिरून जळून गेलं. एकदा जाळलेली माणसं पुन्हा जळाली.

नावाहोंचा राग मला परका वाटत नाही. आपल्याकडे चंद्र मामा आहे, लिंबोणीच्या झाडामागे लपतो, भाच्यांना भात भरवताना उपयोगी पडतो. त्याच्या अंगणात मयताचं सामान नेऊन टाकायचं, ही कल्पना आपल्याही आज्यांना खपली नसती. आणि तरी मेलेला माणूस चंद्राकडे जातो, हे आपल्याकडे फार जुनं आहे. छांदोग्य उपनिषदात पितृयानाचा मार्ग दिला आहे: जीव चितेच्या धुरात जातो, धुरातून रात्रीत, रात्रीतून कृष्णपक्षात, पुढे दक्षिणायनाचे सहा महिने, पितृलोक, आकाश, आणि मग चंद्र. मात्र तिथे मुक्काम कायमचा नाही. पुण्य संपलं की त्याच वाटेने परत: आकाश, वारा, धूर, ढग, पाऊस, आणि पावसातून भात, जव, तीळ, उडीद. म्हणजे आजोबा परत यायचे ते ताटात. हे लिहिणाऱ्याला शेतीची चांगली माहिती असणार. चंद्रावर जाऊन तिथेच पडून राहायचं, हे काही त्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आता या धंद्याविषयी. धंदाच आहे तो. ह्यूस्टनची सेलेस्टिस ही कंपनी १९९४ मध्ये याच कामासाठी निघाली. तुम्ही मृताची थोडी राख पाठवायची, तिच्यातली साधारण एक ग्रॅम छोट्या कुपीत भरली जाते, कुपीवर नाव, आणि असल्या शे-दीडशे कुप्या दुसऱ्याच कामाला निघालेल्या रॉकेटवर बसवल्या जातात. भाडं कमी पडावं म्हणून ट्रकमध्ये इतरांचं सामान भरून घेतात, तसंच. वर जाऊन लगेच परत यायचं असेल तर स्वस्त, पृथ्वीभोवती फिरायचं असेल तर जास्त, चंद्रासाठी बारा हजार डॉलरच्या वर. राख अवकाशात उधळली जात नाही, तसं केलं तर तो कचरा इतर उपग्रहांना भोवेल. कुपी बंदच राहते.

पहिली खेप २१ एप्रिल १९९७ ला गेली. कॅनरी बेटांजवळ एका मोठ्या विमानाच्या पोटाखालून पेगॅसस रॉकेट सोडलं, त्यात चोवीस जणांची राख. 'स्टार ट्रेक' मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी होता, मानसशास्त्रज्ञ टिमथी लीअरी होता, अंतराळात वस्ती करायची स्वप्नं पाहणारा जेरार्ड ओनील होता. हे सगळे पाच वर्षं पृथ्वीभोवती घिरट्या घालत राहिले आणि २० मे २००२ ला ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला वातावरणात उतरून भस्म झाले.

'स्टार ट्रेक'मधलाच जेम्स डूहन, यानाचा इंजिनिअर स्कॉटी झालेला, त्याची कथा तर एकांकिकेला विषय आहे. २००७ मध्ये त्याची राख छोट्या रॉकेटमधून वर गेली, खाली आली, आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगरात हरवली. शोधायला काही आठवडे लागले. २००८ मध्ये दुसऱ्या रॉकेटवर चढवली, ते रॉकेट कक्षेपर्यंत पोचलंच नाही. २०१२ मध्ये एकदाचा तो कक्षेत गेला. दरम्यान, २००८ सालीच अंतराळ स्थानकाला भेट देणाऱ्या एका श्रीमंत प्रवाशाने त्याची थोडी राख गुपचूप तिथे नेऊन लपवली होती, हे बारा वर्षांनी बाहेर आलं. आपल्याकडे एखाद्याच्या अस्थी तीन नद्यांत सोडतात, त्याला आपण भाविकपणा म्हणतो. मग यालाही नाव ठेवू नये.

आमच्या अण्णांची राख सावडायला आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडला प्रीतिसंगमापाशी गेलो. चिता विझली होती पण मधली राख अजून ऊन होती. आधी दूध-पाणी शिंपडलं, तेव्हा बारीक चर्र आवाज आला आणि ओल्या चुन्यासारखा वास. गुरुजी म्हणाले, पायांकडून सुरुवात करा, डोकं शेवटी. अंगठा आणि अनामिका, एवढीच बोटं वापरायची. आणि मडक्यात टाकताना आवाज होता कामा नये. हाडं पांढरी, हलकी, जरा दाबलं तर भुगा होणारी. एकेक टेकवून ठेवत होतो. काकांना गुडघ्यांच्या जागी काहीतरी लागलं. अण्णांच्या मांडीत अपघातानंतर बसवलेली स्टीलची पट्टी, चार स्क्रूंसकट, जशीच्या तशी. काकांनी ती मडक्यात टाकली आणि ठण्णकन आवाज झाला. सगळे दचकले. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मग चर्चा सुरू झाली: हीही सोडायची का? अण्णांचीच की नाही ती? लाकडं रचणारा माणूस लांबून ऐकत होता, तो म्हणाला, "ते नका टाकू पाण्यात, पोरं पोहतात, पायाला लागतंय." काकांनी पट्टी रुमालात गुंडाळून खिशात घातली. बाकीचं मडकं घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो.

त्या सकाळी माझ्या बोटांना जे कळलं ते तेरा दिवसांतल्या कुठल्याही विधीत कळलं नाही. अण्णा एवढे उरले आणि एवढेही उरणार नाहीत, हे हाताने करावं लागलं. अवकाशातल्या अंत्यविधीत मला खटकतं ते हेच. पैसा नाही, हौस तर मुळीच नाही. तिथे हात मधून निघून जातो. राख कुरिअरने जाते, कुणी अनोळखी माणूस हातमोजे घालून ती भरतो, नातेवाईक दूरच्या मैदानात खुर्च्यांवर बसून काउंटडाउन ऐकतात, आणि नंतर उपग्रह आत्ता कुठे आहे ते फोनवर बघतात. आपणही फार मागे नाही म्हणा. २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, टपाल खात्याने स्पीड पोस्टाने अस्थी काशी-प्रयाग-हरिद्वार-गयेला पाठवायची सोय केली; तिथे विधी होतात, घरच्यांनी ते पडद्यावर पाहायचे. त्या वर्षी ज्यांना स्मशानात जाऊच दिलं नव्हतं, त्यांना त्या पाकिटाचाही आधार वाटला असेल. त्यावर मी बोलणार नाही.

आणि काही जणांच्या बाबतीत माझी तक्रार टिकत नाही, हेही खरं. क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये प्लूटो शोधला. जानेवारी १९९७ मध्ये तो गेला. २००६ मध्ये न्यू होरायझन्स यान निघालं तेव्हा त्याची थोडी राख सोबत होती, आणि १४ जुलै २०१५ ला ते यान प्लूटोच्या शेजारून गेलं. ज्या ठिपक्यासाठी त्याने फोटोंच्या काचा महिनोन्‌महिने ताडून पाहिल्या, त्याच्याजवळून तो स्वतः गेला आणि पुढे सूर्यमालेबाहेर चालला आहे. तिथे भाड्याच्या जागेचा प्रश्न येत नाही. ज्याचं काम त्यालाच त्या कामाने उचलून नेलं. शूमेकरचंही तसंच. उरलेल्यांपैकी पुष्कळांना जिवंतपणी जायचं होतं आणि जमलं नाही, एवढंच असतं. आपल्याकडेही आयुष्यभर काशीला जायचं राहून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या अस्थी पोरं काशीला नेतात.

जी खरोखर गेली तिने मात्र उलटंच सांगून ठेवलं होतं. कर्नालची कल्पना चावला १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानाबरोबर परत येताना गेली. तिचे जे अवशेष मिळाले त्यांचं दहन झालं आणि तिच्याच इच्छेप्रमाणे ती राख अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात, लाल दगडांच्या दऱ्यांत, विखुरली गेली.

जून २०२५ मध्ये सेलेस्टिसच्या दीडशेहून अधिक कुप्या घेऊन गेलेली एक कॅप्सूल पृथ्वीभोवती फेऱ्या मारून परत आली. या खेपेला कुप्या घरच्यांना परत मिळणार होत्या. आजोबा अवकाशात जाऊन आले, असं म्हणून त्या शोकेसमध्ये ठेवता आल्या असत्या. पॅराशूट नीट उघडलं नाही, कॅप्सूल प्रशांत महासागरात आदळून बुडाली. शोधून काही मिळण्यासारखं नाही, असं कंपनीने कळवलं. घरच्यांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल. माझ्या मनात लगेच दुसराच हिशेब आला. जळून झाल्यावर माणसाची दोन ते तीन किलो राख उरते. रॉकेटवर जाते त्यातली एक ग्रॅम. बाकीची राख अजून त्या सगळ्यांच्या घरी असेल, कुणाच्या कपाटात, कुणाच्या गॅरेजमध्ये फळीवर, आणि तिचं काय करायचं ते घरातल्याच कुणाला तरी ठरवावं लागेल.