वकिलाने डॉक्टरला सोबत घ्यावे

नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. संताप समजतो, पण तेवढ्याने औषधांची टंचाई मिटली नाही. वकील मोहित खन्ना यांच्या पत्रानंतर मात्र मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि विचारणा झाली ती रिक्त पदांची, निधीची. आरोग्याच्या खटल्याची वाट हीच. काय कमी पडले हे डॉक्टर-परिचारिकांनाच ठाऊक असते. त्यांनाच सरसकट आरोपी केले, की ते तोंड मिटतात. मग दोषी सुटणार? नाही. घोर निष्काळजीपणासाठी फौजदारीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५मध्ये उघडेच ठेवले आहे. नांदेड-लातूरच्या वकिलांनो, नोटीस काढण्याआधी एकदा वॉर्डातल्या परिचारिकेशी बोला.