खारपाणपट्ट्यातला संगमरवर

वऱ्हाडात संगमरवराच्या तक्रारी मृगाचा पाऊस पडला की सुरू होतात. उन्हाळाभर पायाला गार लागणारी फरशी अचानक घामेजते, सांधे पिवळे पडतात, भिंतीच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागते. मग अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, दर्यापूरहून फोन येतात आणि मागणी एकच असते : "भाऊ, महालक्ष्म्यांच्या आधी फरशी आरशासारखी करून द्या." महालक्ष्म्या भाद्रपदात. म्हणजे जमीन पाण्याने तुडुंब असते, त्याच दिवसांत लोकांना चकाकी हवी असते. घिसाई-पॉलिशच्या कामावर माझं पोट चालतं, तरी भाद्रपदाआधीचं काम मी शक्यतो घेत नाही. त्या दिवसांत मी फक्त फरशी पाहायला जातो.

पाहायला म्हणजे हातात जाड प्लास्टिकचा तुकडा घेऊन. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिक फरशीवर अंथरायचं, चारही कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि दोन दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या वरच्या अंगाला दव दिसलं तर ओल हवेतली आहे. बाहेरची दमट हवा थंड दगडावर आली की तिच्यातलं पाणी तिथेच बसतं. त्याला दार-खिडक्या आणि पंखा एवढाच इलाज पुरतो, फरशीत दोष नसतो. पण थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला असतील, दगडाचा रंग तिथे गडद झाला असेल, तर पाणी जमिनीतून वर येतंय. अशा फरशीवर पॉलिश चढवणं म्हणजे घरमालकाचे पैसे वाया घालवणं. मी ते तोंडावर सांगतो. काही जण रागावतात, दुसऱ्या कारागिराला बोलावतात. तो त्यांचा अधिकार आहे.

खालून पाणी येणं एवढंच असतं तर आपण निभावून नेलं असतं. आपल्याकडे त्या पाण्यात मीठ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहीर खणली तर पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. प्यायच्या पाण्यासाठी शहानूर आणि वान धरणांवरून नळ आणावे लागले, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घर बांधताना मात्र तेच बोअरचं पाणी सिमेंटमध्ये मिसळलं जातं, त्याच पाण्याने चुन्या-सिमेंटच्या थराला आठ-आठ दिवस तराई होते. दगड बसायच्या आधीच त्याच्या पोटाखाली मीठ भरून ठेवलेलं असतं. मग दर पावसाळ्यात ओल ते मीठ विरघळवते, दगडाच्या बारीक छिद्रांतून वर आणते, आणि हवा कोरडी झाली की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

हे मीठ वरच्या पृष्ठभागावर साठलं तर त्याला आपण लोणा म्हणतो. कोरड्या ब्रशने झाडून टाकलं की जातो. तो दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. खरा घात तेव्हा होतो जेव्हा कोणीतरी वरून घट्ट थर चढवतं. मेण असो, लाखेसारखा चकचकीत कोट असो की दुकानात मिळणारं साय धरणारं सीलर असो, पाण्याला वर उडून जायला वाट उरत नाही. ते थराच्या खालीच सुकतं आणि मिठाचे खडे दगडाच्या आत, पृष्ठभागापासून जरासं खाली तयार होतात. वाढणाऱ्या मिठाच्या खड्याची ताकद दगड फोडण्याइतकी असते. पहिल्या वर्षी फरशी नुसती धुरकट दिसते, पुढे बोटाच्या नखाने पापुद्रे सुटायला लागतात. "इतकं महागाचं कोटिंग केलं तरी दगड काहून फुटते?" असं विचारणाऱ्या घरात मी गेलो आहे. दगड त्या कोटिंगमुळेच फुटत होता.

म्हणून खारपाणपट्ट्यातल्या घरात माझं काम मीठ काढण्यापासून सुरू होतं. कागदाचा लगदा धरणाच्या किंवा आरओच्या गोड्या पाण्यात भिजवून फरशीवर बोटभर जाडीने थापायचा आणि सावकाश वाळू द्यायचा. वाळताना तो दगडातलं खारं पाणी स्वतःकडे ओढतो. वाळलेला लगदा उचलला की मीठ त्याच्याबरोबर निघतं. पुन्हा थापायचा. हे कंटाळवाणं काम आहे, मशीन नाही, आवाज नाही, पाहणाऱ्याला वाटतं कारागीर बसूनच आहे. मला मात्र सगळ्या कामातला हाच भाग मोलाचा वाटतो. ताजमहालाच्या संगमरवरावर पुरातत्त्व विभाग मुलतानी मातीचा लेप लावतो, तोही याच जातीचा उपाय. तिथे लेप बाहेरची काजळी ओढून घेतो, इथे आतलं मीठ.

आणि एक ओल आपण स्वतः घरात आणतो, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. कूलर. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, कूलरशिवाय जगणं शक्य नाही, त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. पण मार्चपासून जूनपर्यंत बाहेरची हवा हाडासारखी कोरडी असताना आपल्या बैठकीतली हवा मात्र चार महिने दमट असते. त्यातून टाकीत बोअरचं पाणी. ताट्यांतून उडालेले बारीक तुषार खिडकीखालच्या फरशीवर पडतात, सुकतात, पुन्हा पडतात. त्या जागी दगडावर राखाडी-पांढरा कडक थर बसतो, पुसून जात नाही. तो चुना आणि मीठ यांचा थर असतो. मग कोणीतरी सांगतं, ऍसिड टाका.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुन्याचाच भाऊ. चुन्याचा थर खाणारं ऍसिड संगमरवरही खाणारच. फेस येतो तेव्हा बाईला वाटतं मळ निघतोय. तो फेस दगड विरघळून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. संडास साफ करायचं ऍसिड तर सोडाच, लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, दहीसुद्धा काही मिनिटांत पॉलिश उतरवतं. महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत आंबील सांडते, पंचामृत सांडतं. दुसऱ्या दिवशी तिथे निस्तेज गोल दिसतात आणि लोक त्यांना डाग म्हणतात. ते डाग नाहीत, तिथला दगड उतरलेला आहे. साबण कितीही लावा, तो गोल जाणार नाही, घासूनच काढावा लागेल. हळदीचं उलट. हळद दगडात रंग सोडते, पण दगड खात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खडूची पूड कालवून तिचा लेप रात्रभर प्लास्टिकखाली ठेवला की रंग फिका पडतो. तेलाच्या डागाला ही मात्रा चालत नाही, तिथे ऍसिटोनमध्ये भिजवलेली पूड लागते. ऍसिटोन लवकर पेट घेतं, म्हणून जवळपास दिवा किंवा गॅस पेटता नको.

कोणता दगड आहे हे न पाहता मशीन लावणारा कारागीर मला पटत नाही. मकराण्याचा दगड कॅल्साइटचा, दाट कणांचा, पाणी कमी पिणारा. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल याच दगडाचं आहे. राजनगरचा पांढरा दगड दिसायला तसाच, पण त्यात मॅग्नेशियम असतं, तो डोलोमाइटच्या वळणाचा. त्याच्यावर आम्लाचा परिणाम हळू होतो आणि पॉलिशच्या शेवटच्या टप्प्याला वेगळा हात लागतो. अमरावती-अकोल्याच्या जुन्या कापूसवाल्यांच्या वाड्यांत पांढऱ्या संगमरवराच्या बरोबरीने काळ्या कडप्प्याची चौकट असते. कडप्पा चुनखडीच आहे, शहाबादी आणि कोटाही चुनखडीच. तेव्हा "आमच्याकडे संगमरवर नाही, शहाबादी आहे, ऍसिड चालते" हे म्हणणं चुकीचं आहे. चालत नाही.

आता झीज. जुन्या घरात दारापासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर वाट उमटलेली दिसते. ती पायांनी पडत नाही, पायांखालच्या मुरमाने पडते. मुरूम म्हणजे कुजलेला काळा पाषाण, बेसाल्ट. मोह्जच्या मापावर त्यातली खनिजं ५ ते ६ कठीण, वाळूतली गारगोटी ७, आणि संगमरवर ३. चपलेच्या तळव्याला चिकटून आलेला एकेक कण दगडावर रेघ ओढतो. शेगावच्या गजानन महाराज मंदिरात सेवेकरी सतत झाडू-पोछा घेऊन फिरताना दिसतात. लोक त्याला स्वच्छता म्हणून नावाजतात, मी त्याला फरशीचं रक्षणही म्हणतो. कण पडला आणि पाय पडायच्या आत उचलला गेला, तर दगड झिजत नाही. घरात एवढं जमणार नाही, पण दाराबाहेर खरखरीत आणि दाराच्या आत मऊ असं दोन पायपुसण्यांचं अंतर ठेवलं, आणि ओला पोछा मारायच्या आधी कोरडा झाडू मारला, तर अर्धी लढाई जिंकली. ओल्या पोछ्याखाली मुरूम सापडला की तो पोछाच घिसाईचा दगड होतो.

घिसाईबद्दल माझं मत सौम्य नाही. डायमंड पॅड ५० नंबरपासून लावायचं की २०० पासून, हा सगळ्या कामाचा निर्णय आहे. ५० नंबर लावला की फरशी झटपट सपाट होते, मालक खूश होतो, पण दगडाची जाडी जाते. आजच्या लादीची जाडी साधारण १८ मिलिमीटर. ती दर दोन-तीन वर्षांनी जोरात घासली तर सांध्यांजवळची कड कमजोर होते आणि काळ्या मातीवरचं घर थोडं हललं तरी तडकते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाखालून ती काढून मुरमाचा भराव नीट ठोकला नसेल तर वरचा दगड ते हलणं सोसत राहतो. अशा ठिकाणी मी २०० किंवा ४०० पासूनच सुरुवात करतो, वाटेतली हलकी खळगी तशीच राहू देतो. पुढे ८००, १५००, ३०००, आणि शेवटी कथील भस्म व ऑक्झॅलिक यांचा घोटा. ऑक्झॅलिक हेही आम्लच, पण मोजक्या हाताने वापरलं तर दगडावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा थर धरतं. जास्त झालं की फरशी संत्र्याच्या सालीगत खरबरीत दिसते.

दाराजवळच्या आणि न्हाणीघराबाहेरच्या लाद्या मी ४०० वर थांबवतो. तिथे चकाकी नको. पावसाळ्यात ओल्या पायांनी घरातली म्हातारी माणसं घसरतात, आणि मोडलेलं खुब्याचं हाड कोणतंही पॉलिश भरून देत नाही. मालकाला हे समजावताना कधी वेळ लागतो, पण घरात आजी असेल तर ती लगेच माझ्या बाजूने बोलते. "बराबर सांगून राह्यला तो. मले आरसा नाही पाहिजे, पाय ठेवाले जागा पाहिजे."

घिसाईला पाणी लागतं, तेही भरपूर. खारपाणपट्ट्यात ते पाणी बोअरचं वापरलं तर लगद्याने काढलेलं मीठ आपणच परत भरतो. अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणाचं, अमरावतीत सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं नळाचं पाणी साठवून तेवढंच वापरावं, खेड्यात टँकर मागवावा. हा खर्च माझ्या अंदाजपत्रकात वेगळा लिहिलेला असतो, आणि तो कापायला सांगितला तर मी काम सोडतो. घिसाई झाल्यावर फरशी काही आठवडे उघडी सुकू द्यायची. सतरंजी नको, गालिचा नको. त्यानंतर पुन्हा प्लास्टिक चिकटवून पाहायचं, आणि खालून थेंब आला नाही तरच सिलेनचं, दगडात मुरणारं सीलर लावायचं. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, पण वाफेला वाट ठेवतं. वर साय धरणारं काहीही लावायचं नाही. थेंब दिसला तर सीलर अजिबात नाही. नुसती स्वच्छ, उघडी फरशी खारपाणपट्ट्यात पन्नास वर्षं टिकलेली मी पाहिली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी संगमरवर आहे त्यांना माझं सांगणं असं, की भाद्रपदाआधी मला बोलवा, पण घासायला नाही, पाहायला. प्लास्टिक तुम्ही स्वतःही चिकटवू शकता, त्याला कारागीर लागत नाही. महालक्ष्म्यांना फरशी साध्या पाण्याने पुसा, दह्या-लिंबाचं सांडलं तर लगेच टिपून घ्या. घिसाईचं काम पौष-माघात ठरवा, जेव्हा हवा कोरडी असते, जमीन उतरलेली असते आणि कूलर अजून बाहेर निघालेला नसतो.